अकरा महिन्यांचा करार : घरमालक, भाडेकरू आणि मधला कागद

अधूनमधून व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरत येतो. ‘घरभाड्याचे नवे नियम लागू! आता दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येणार नाही, मनमानी भाडेवाढ बंद, नियम मोडल्यास दंड.’ भाडेकरू तो मुद्दाम घरमालकाला पाठवतात. घरमालक तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकून विचारतात, “हे खरं आहे का हो?” मग ग्रुपवरचे दोन वकील तीन वेगवेगळी मतं देतात आणि विषय पार्किंगकडे वळतो.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर हे खरं नाही. या मेसेजच्या मुळाशी ‘आदर्श भाडेकरार कायदा’ आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला २ जून २०२१ रोजी मंजुरी दिली. राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं आणि इतर जागांसाठी सहा महिन्यांचं डिपॉझिट, ही मर्यादा त्यातलीच. पण भाड्याचे कायदे राज्यं करतात. केंद्राने फक्त नमुना दिला, घ्यायचा की नाही ते राज्याने ठरवायचं. आपल्याकडे आजही ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९’ चालतो. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. गोव्याचा कायदा वेगळा, १९६८ चा.

म्हणजे १९९९ चा कायदा वाचला की झालं? तसंही नाही. आज पुण्यात, ठाण्यात, नाशकात भाड्याने राहणाऱ्या बहुतेकांना त्या कायद्यातली भाडेकरूची कवचकुंडलं लागूच होत नाहीत. त्यांचे हक्क ठरतात ते एजंटने आणलेल्या आणि ‘इथे अंगठा, इथे सही’ म्हणत पुढे सरकवलेल्या कागदावरून. हा लेख मुख्यतः त्या कागदाबद्दल आहे.

दोन माणसं, दोन वेगळी नाती

बोलताना आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो. कायद्याच्या लेखी मात्र त्यात दोन जाती आहेत.

पहिला खरा भाडेकरू. त्याचा जागेवर एक प्रकारचा हक्क तयार होतो. घरमालकाला त्याला सहजासहजी बाहेर काढता येत नाही, भाडं मनाला येईल तसं वाढवता येत नाही, आणि तो वारला तरी त्याच्यासोबत राहणारे घरचे लोक त्या जागेत भाडेकरू म्हणून राहू शकतात. गिरगाव, दादर, लालबागच्या चाळी आणि पुण्यातल्या पेठांमधले जुने वाडे आठवा.

दुसरा ‘लिव्ह अँड लायसन्स’वाला. त्याला ‘लायसन्सी’ म्हणतात. त्याला मिळते ती फक्त परवानगी: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, अमुक रकमेच्या बदल्यात, या घरात राहा. एसटीत सीट रिझर्व्ह केल्यासारखंच हे. स्वारगेटपर्यंत ती सीट तुमची, कंडक्टरही उठवू शकत नाही. पण स्वारगेट आलं की उतरायचं, आणि मधल्या प्रवासात ती सीट तुम्ही तिसऱ्याला विकायची नाही.

हा फरक दोन जुन्या केंद्रीय कायद्यांमधून येतो. भाडेपट्ट्याची व्याख्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे, परवानगीची व्याख्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात. दोन्ही १८८२ चे. कागदाच्या डोक्यावर ‘लिव्ह अँड लायसन्स’ लिहिलं म्हणजे विषय संपला, असं मात्र नाही. प्रकरण कोर्टात गेलं तर दोघांचा मूळ हेतू काय होता आणि ताबा कशा स्वरूपाचा दिला होता, हेही पाहिलं जातं. तरीही राहत्या घराचा रीतसर नोंदलेला करार असेल, तर महाराष्ट्रात सहसा तो कागदच बोलतो.

एवढी भीती आली कुठून?

“घर भाड्याने दिलं की गेलं,” हे वाक्य मराठी मध्यमवर्गात दोन पिढ्यांनी ऐकलंय. ते उगाच आलेलं नाही.

मुंबईत भाड्यावर पहिलं नियंत्रण आलं १९१८ साली, पहिल्या महायुद्धातल्या टंचाईमुळे. पुढे १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला आणि भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं गेलं. फाळणी, महागाई आणि शहराकडे येणारे लोंढे पाहता त्या वेळी ते योग्यच होतं. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मात्र मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धशतक जगला. घरपट्टी वाढली, रंग-सिमेंटचे भाव वाढले, भाडं तेवढं तिथेच राहिलं. मग मालकाने दुरुस्ती कशातून करायची? चाळी का पडायला आल्या, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. शेवटी डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की १९४० च्या पातळीला भाडं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर १९९९ चा कायदा आला.

मधल्या काळात आणखी एक घाव बसला. या कायद्यातून सुटण्यासाठी मालकांनी भाडेपट्ट्याऐवजी लायसन्सची वाट धरली होती. १९७३ मध्ये सरकारने कायद्यात दुरुस्ती केली, की १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो कोणी चालू लायसन्सवर जागेत राहत असेल, तो भाडेकरू समजला जाईल. काल परवानगीने राहणारा माणूस आज संरक्षित भाडेकरू झाला. त्यानंतर कित्येकांनी घर कुलूप लावून ठेवणं पसंत केलं. नोकरीनिमित्त दिल्लीला गेलेल्या माणसाचा बंद फ्लॅट ही त्या काळातल्या मुंबई-पुण्याची ओळखीची गोष्ट.

त्यात ग्रामीण भागातून आलेल्या घरांमध्ये कूळ कायद्याची आठवण ताजी होती. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. त्यामुळे ‘कूळ लागेल’ ही धास्ती शेतातून फ्लॅटपर्यंत आली. खरं तर तो कायदा शेतजमिनीचा, राहत्या घराशी त्याचा काही संबंध नाही. पण भीतीला कलमं कळत नाहीत.

अकरा महिनेच का?

इतर राज्यांत याला कारण आहे. केंद्राच्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. अकरा महिन्यांचा केला की नोंदणी चुकते आणि खर्च वाचतो. देशभर ही युक्ती रूढ झाली.

महाराष्ट्रात ती कामाची नाही. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ म्हणतं, की लिव्ह अँड लायसन्स असो वा भाडेकरार, तो लेखी हवा आणि नोंदलेलाच हवा. पाच महिन्यांचा असो नाहीतर पाच वर्षांचा. म्हणजे आपण अकरा महिन्यांचा करार करतो तो निव्वळ सवयीने, आणि दर अकरा महिन्यांनी एजंटची फी नव्याने देतो. दोन्ही बाजूंचं पटत असेल तर चोवीस किंवा छत्तीस महिन्यांचा करार करून दरवर्षीची भाडेवाढ त्यातच लिहून टाकायला काहीच हरकत नाही. असं सुचवलं की घरमालक जरा बिचकतात. पण मुदत लांबल्याने लायसन्सी भाडेकरू होत नाही.

“आम्ही नोटरी केलंय, चालेल ना?”

नाही. स्टॅम्प पेपरवर टाईप करून नोटरीचा शिक्का मारलेला करार म्हणजे नोंदणीकृत करार नव्हे. नोटरी सह्या प्रमाणित करतो, नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते. लहान शहरांत आजही सर्रास नोटरीवर भागवलं जातं, म्हणून कलम ५५ पुढे काय म्हणतं ते घरमालकांनी नीट वाचावं.

एक, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. दोन, नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करायचं ओझं मालकावर. तीन, नोंदणी न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

यातला दुसरा मुद्दा सगळ्यात जड आहे. समजा महिना वीस हजार ठरलं होतं आणि उद्या समोरचा म्हणाला, “बारा हजारच ठरलं होतं, आणि जागा मला भाड्याने दिली होती, लायसन्सवर नव्हे.” कागद नसेल तर मालकाने काय दाखवायचं?

आणि हे सगळं किती पैसे वाचवण्यासाठी? हिशोब करू. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे शंभराला पंचवीस पैसे. ते पूर्ण मुदतीच्या एकूण भाड्यावर, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या दरसाल दहा टक्के रकमेवर लागतं. वीस हजार भाडं, एक लाख डिपॉझिट आणि बारा महिने मुदत धरली, तर भाडं २,४०,००० आणि डिपॉझिटचे १०,००० मिळून अडीच लाख. त्याचा पाव टक्का ६२५ रुपये. वर नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन नोंदणीचं किरकोळ शुल्क आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटची फी वेगळी. हा खर्च कोणी करायचा ते आपसात ठरवा, बहुतेक ठिकाणी अर्धा-अर्धा होतो. नोंदणीनंतर इंडेक्स टूची, म्हणजे निबंधक कार्यालयातून मिळणाऱ्या नोंदणीच्या गोषवाऱ्याची, प्रत दोघांनीही ठेवावी. बँक, गॅस, पासपोर्ट, शाळेचा प्रवेश, सगळीकडे तीच मागतात.

मुदत संपली, पण माणूस जातच नाही

घरमालकाची ही सगळ्यात मोठी धास्ती. राहत्या घराचा लायसन्स करार असेल तर कायद्याने त्यासाठी वेगळी वाट आखून दिली आहे, कलम २४ ची. नेहमीच्या दिवाणी दाव्याऐवजी मालक ‘सक्षम प्राधिकारी’ नावाच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करतो. लेखी करारात जे लिहिलंय ते निर्णायक पुरावा मानलं जातं. लायसन्सीला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत आधी परवानगी मागावी लागते, की मला या अर्जाला विरोध करायचाय आणि त्याची कारणं ही अशी. कारणात दम नसेल तर ताबा सोडण्याचा आदेश होतो. शिवाय मुदत संपल्यानंतर जितके दिवस तो राहिला, त्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

दुप्पट हा आकडा करारातून येत नाही, कायद्यातच आहे. त्यामुळे करार संपल्यावर ‘नंतर बघू’ म्हणत तोंडी राहणाऱ्यांनी जरा सावध असावं. मालकाशी कितीही घरोबा असला तरी नवीन कागद करून घ्यावा. दुकान, गाळा किंवा ऑफिससाठी मात्र कलम २४ ची वाट नाही, ती फक्त राहत्या घरासाठी आहे.

“मग कुलूपच बदललं तर? घर माझंच आहे ना?” हा प्रश्न हमखास येतो. घर तुमचं आहे, पण ताबा कायद्याच्या मार्गानेच घ्यायचा. सामान जिन्यात काढून ठेवणं, नळ बंद करणं, मीटरचा फ्यूज काढणं, असे प्रकार केले तर बरोबर असलेला मालक चुकीच्या बाजूला जाऊन बसतो. भाडेकरूंच्या बाबतीत तर कलम २९ स्पष्टच आहे: पुरेसं कारण नसताना पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट यांसारख्या आवश्यक सोयी तोडता येत नाहीत, आणि तोडल्या तर शिक्षेचीही तरतूद आहे. लायसन्सीशी भांडण असेल तेव्हाही सक्षम प्राधिकाऱ्याकडचा अर्ज हाच शहाणपणाचा रस्ता. मुदत चालू असताना मालकाला घर बघायला यायचं असेल तर आधी कळवून, सोयीच्या वेळी यावं. दुसऱ्या चावीने दार उघडून “सहज चक्कर मारली” हे चालत नाही. कलम २८ नुसार पाहणीचा हक्क आहे, पण पूर्वसूचना देऊनच.

बारा वर्षं राहिला तर घर त्याचं होतं?

होत नाही. प्रतिकूल ताब्याचा एक नियम कायद्यात आहे: मालकाचा हक्क झुगारून, उघडपणे, सलग बारा वर्षं कोणी जागा बळकावून बसला आणि मालक गप्प राहिला, तर मालकाचा दावा मुदतबाह्य होऊ शकतो. पण भाडेकरू किंवा लायसन्सी मालकाच्या संमतीने आत आलेला असतो आणि दरमहा पैसे देऊन त्याला मालक मानत असतो. संमतीने राहणारा माणूस प्रतिकूल कसा? शिवाय ज्याने घरात घेतलं त्याची मालकीच नाकारायला पुराव्याचा कायदा आडवा येतो. तेव्हा बारा काय, वीस वर्षं करार नव्याने करत राहिलात तरी घराची मालकी बदलत नाही.

डिपॉझिट, रंग आणि बंद पंखा

आता खऱ्या भांडणाकडे येऊ. सक्षम प्राधिकाऱ्यापर्यंत फार थोडी प्रकरणं जातात. बाकीची घर सोडण्याच्या दिवशी, हॉलच्या मधोमध घडतात.

समजा कोथरूडमधला टू बीएचके. जळगावहून आलेलं जोडपं दोन वर्षं राहिलं आणि आता बावधनला स्वतःच्या फ्लॅटमध्ये चाललंय. टेम्पो खाली उभा. घरमालक काका चष्मा वर करून भिंती न्याहाळतायत.

“हा खिळा कोणी ठोकला?”

“काका, तो आधीपासूनच होता. तुमचं कॅलेंडर होतं तिथं.”

“आणि बेडरूमचा पंखा?”

“आम्ही आलो तेव्हाच घरघरत होता. तुम्हाला फोनपण केला होता.”

“रंगाचे अठरा हजार कापावे लागतील.”

कोण बरोबर? कायद्यात शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. महाराष्ट्रात लायसन्सच्या डिपॉझिटला कमाल मर्यादा नाही आणि रंगाचा खर्च कोणाचा, याचं कलमही नाही. उत्तर करारात असायला हवं, आणि बहुतेक करारांत ते एका ओळीत उरकलेलं असतं: ‘जागा होती त्या स्थितीत परत करावी, नैसर्गिक झीज वगळून.’ हे शेवटचे तीन शब्द भाडेकरूच्या बाजूचे आहेत. दोन वर्षांत भिंतीचा रंग फिका पडणं, नळाचा वॉशर झिजणं ही झीज. मुलाने स्केचपेनने भिंतीवर काढलेली आगगाडी हे नुकसान. पहिल्याचे पैसे कापायचे नाहीत, दुसऱ्याचे कापले तर तक्रार करायची नाही. मात्र ‘घर सोडताना एका महिन्याचं भाडं रंगासाठी कापलं जाईल’ असं करारात स्वच्छ लिहिलं असेल आणि तुम्ही सही केली असेल, तर मग काकांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

पंख्याचा प्रश्न करारामागच्या परिशिष्टात सुटतो. तिथे यादी असते: पंखे ४, ट्यूबलाइट ५, गिझर १, पडद्याचे रॉड ३. एजंट ती डोळे झाकून भरतो. राहायला येण्याच्या दिवशी दोघांनी मिळून घरभर फिरून व्हिडिओ करावा. पंखा घरघरत असेल तर घरघर ऐकू येईल असा. गळतीचे डाग, फुटकी फरशी, मीटरचं रीडिंग टिपावं आणि ते मालकाला व्हॉट्सॲप करून ‘मिळालं’ असं उत्तर घ्यावं. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम. डिपॉझिट नेहमी बँकेतून द्यावं आणि त्याचा व्यवहार क्रमांक करारात लिहिलेला असावा.

परतीची वेळही लिहून घ्या. ‘चावी देताना त्याच वेळी डिपॉझिट परत’ अशी अट योग्य. ‘पुढचा भाडेकरू मिळाल्यावर’ हे कलम दिसलं तर ते काढून टाकायला सांगा, तुमच्या पैशांचा पुढच्या भाडेकरूशी काय संबंध? पैसे अडकलेच तर आधी लेखी मागणी, मग वकिलाची नोटीस, मग दिवाणी न्यायालय. लहान रकमेसाठी शेवटची पायरी परवडत नाही, म्हणून बरेच भाडेकरू शेवटचे दोन-तीन महिने भाडं न देता डिपॉझिटमधून वळतं करून घेतात. व्यवहार म्हणून समजू शकतो, पण करारात परवानगी नसेल तर तो अटींचा भंग आहे, आणि वीजबिल थकलं तर मालकाच्या हाती काहीच उरत नाही. मालक कसा वागतो याची खात्री नसेल तर निघण्याच्या महिनाभर आधी हिशोबाचा विषय लेखी काढा. तेच बरं.

लॉक-इनकडेही लक्ष असू द्या. ‘पहिले सहा महिने कोणालाही करार मोडता येणार नाही’ आणि ‘पहिले सहा महिने भाडेकरूला मोडता येणार नाही’ या दोन वाक्यांत मोठा फरक आहे. पहिल्यात मालकही बांधला जातो. तसंच नोटीसचं: तुम्हाला दोन महिने आणि मालकाला एक महिना, असं एकतर्फी असेल तर सहीच्या आधी बोला. भाडेवाढीचं काय? ‘वर्षाला दहा टक्के वाढ कायद्यानेच आहे’ असं मालक म्हणतात आणि ‘चार टक्क्यांच्या वर नेता येत नाही’ असं भाडेकरू म्हणतात. दोघंही चूक. चार टक्क्यांची तरतूद खऱ्या भाडेकरूंसाठी आहे. लायसन्समध्ये वाढ करारात असेल तेवढी, आणि मुदत संपल्यावर दोघांचं जमेल तेवढी.

मालकाने फ्लॅटच विकला तर?

हा मुद्दा फार थोड्यांना ठाऊक असतो. तुमचा चोवीस महिन्यांचा नोंदलेला करार आहे, आठव्या महिन्यात मालकाने घर विकलं. नव्या मालकावर तुमचा करार बंधनकारक आहे का? भाडेपट्टा असता तर नवा मालक जुन्याच्या जागी उभा राहिला असता आणि भाडेकरू तसाच राहिला असता. लायसन्सचं तसं नाही. सुविधाधिकार कायद्याचं कलम ५९ सांगतं, की जागा हस्तांतरित झाली तर नवा मालक केवळ त्या कारणाने परवानगीला बांधील राहत नाही. परवानगी ज्याने दिली ती त्याच्यापुरती.

उपाय म्हणजे करारातच लिहून घेणं: मुदतीत घर विकल्यास मालक इतक्या महिन्यांची सूचना देईल, डिपॉझिट विक्रीच्या आधी परत करेल, किंवा खरेदीदार हा करार पुढे चालवेल अशी अट विक्रीत घालेल. मुलांची शाळा जवळ म्हणून घर घेणाऱ्यांनी हे कलम आग्रहाने मागावं. घर विक्रीला काढलंय का, हे आधी विचारण्यातही लाज वाटायचं कारण नाही.

पागडीवाल्यांचं गणित वेगळं

ज्यांच्या आजोबांनी १९५० च्या आसपास पागडी, म्हणजे भाड्याखेरीज एकरकमी मोबदला, देऊन खोली घेतली आणि अजून नाममात्र भाडं भरतायत, त्यांना वरचं बहुतेक काही लागू नाही. त्यांना पूर्ण १९९९ चा कायदा लागू आहे, आणि तो बऱ्यापैकी त्यांच्या बाजूचा आहे.

प्रमाण भाडं (कायद्याने ठरलेलं मूळ भाडं) आणि कायद्याने मंजूर वाढ देण्याची तयारी आहे तोवर त्यांना काढता येत नाही. थकबाकी असली तरी मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते, नव्वद दिवस थांबावं लागतं आणि मगच दावा करता येतो. दावा झाल्यावरही समन्सपासून नव्वद दिवसांत थकबाकी आणि दरसाल पंधरा टक्के व्याज भरलं तर त्या कारणाने घर जात नाही. पावती मागणं हा हक्क आहे आणि न देणं हा मालकाचा गुन्हा. मालकाने भाडं घ्यायलाच नकार दिला तर मनिऑर्डर करा, पण थकवू नका.

दुरुस्तीची जबाबदारी मालकाची. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत काम केलं नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. फक्त वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना दोनशे रुपये भाडं असेल तर ही मर्यादा वर्षाला सहाशे रुपये होते, त्यात प्लंबर घरी येऊन बघूनही जाणार नाही. हक्क आहे, पण कागदावर.

घर जाण्याची कारणं कलम १६ मध्ये आहेत: परवानगीविना पोटभाडेकरू ठेवणं, मालकाच्या लेखी संमतीविना पक्कं बांधकाम करणं, शेजाऱ्यांना उपद्रव, आणि मालकाला स्वतःसाठी जागेची खरी, प्रामाणिक गरज. गरजेच्या दाव्यात कोर्ट दोन्ही बाजूंचा त्रास तोलून पाहतं. एक कारण मात्र अनेकांच्या अंगाशी येतं. पुरेसं कारण नसताना जागा सलग सहा महिने वापरात नसेल तर ताबा जाऊ शकतो. मुलगा बंगळुरूला, आई-बाबा त्याच्याकडे आणि गिरगावची खोली ‘आहे आपली’ म्हणून बंद. या सहा महिन्यांत वीजबिल शून्याच्या आसपास येतं, आणि तेच बिल मालकाचा वकील कोर्टात ठेवतो.

पागडी घेणं पूर्वी गुन्हा होता, तरी व्यवहार राजरोस चालायचे. १९९९ च्या कायद्याने ती अधिकृत केली. आता भाडेकरू मोबदला घेऊन आपला हक्क दुसऱ्याला देऊ शकतो आणि मालकही संमतीसाठी रक्कम घेऊ शकतो. तिघांची सही आणि पावती मात्र हवीच.

सोसायटी, पोलीस आणि आयकर

सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने फ्लॅट लायसन्सवर देताना सोसायटीला कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची असते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते भोगवटेतर शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. शासनाचा तसा आदेश २००१ पासून आहे आणि ते भरायचं घरमालकाने. ‘भाडेकरूने लिफ्टमधून सामान नेलं म्हणून पाच हजार’ असलं काही मागितलं तर कोणत्या ठरावाखाली, हे लेखी विचारा.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याची जबाबदारी मालकाची. मुंबईसारख्या शहरांत पोलीस तसे आदेश काढतात, ते मोडले तर गुन्हा मालकावर दाखल होतो. बऱ्याच ठिकाणी फॉर्म ऑनलाइन भरता येतो.

राहता राहिला आयकर. महिना पन्नास हजारांहून जास्त भाडं देणाऱ्या पगारदारालाही दोन टक्के टीडीएस कापून सरकारकडे भरावा लागतो. मालक अनिवासी असेल तर वेगळंच प्रकरण. हिंजवडी-बाणेरचे कितीतरी फ्लॅट न्यू जर्सीत किंवा सिडनीत राहणाऱ्या मराठी मंडळींचे आहेत. अशा वेळी भाडं पंधरा हजार असलं तरी टीडीएस कापणं भाडेकरूवर येतं, तोही साधारण तीस टक्के आणि वर उपकर. मालकाने आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला तर दर खाली येतो. तो आणायचा की नाही हे करार करतानाच ठरवा, कारण कर कापला नाही तर आयकर खात्याची नोटीस न्यू जर्सीला जात नाही, भाड्याने राहणाऱ्याच्या नावाने येते.